उन्हाने प्यायलेलं पाणी कोणाच्या नावावर?

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुठलंही पाणी दिसलं की त्यांची नजर आधी सांडवा शोधते, मग भराव, मग मोरी. जुलैत ते कोलोरॅडोत आमच्याकडे आले होते. लाँगमाँटच्या पूर्वेला सेंट व्हरेन नदीच्या काठाने तळ्यांची एक रांग आहे, तिथे संध्याकाळी फिरायला नेलं. निळंशार पाणी, बगळे, गळ टाकून बसलेली माणसं. बाबा एका तळ्याला अर्धी चक्कर मारून थांबले आणि म्हणाले, "अरे, ह्याला पाणी येतं कुठून? पाट नाही, चारी नाही, सांडवा नाही. नुसता खड्डा आहे हा."

नुसता खड्डाच होता तो. इथल्या नद्यांनी रॉकी पर्वतातून वाहून आणलेले गोटे आणि वाळू मैदानात थरांनी पसरून ठेवली आहे. काँक्रीटला आणि रस्त्यांना हीच खडी लागते. नदीकाठी काही फूट खणलं की भूजल लागतं. खडी काढताना ते उपसत राहायचं, थर संपला की पंप बंद करायचे. मग पाणी आपोआप वर येतं आणि नदीच्या पातळीशी जुळवून स्थिरावतं. त्याला पाटाची गरज नसते, कारण ते नदीचंच पाणी आहे, जमिनीखालून चालणारं. डेन्व्हरपासून उत्तरेकडे साउथ प्लॅट आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठाने विमानातून जी तळी चकाकताना दिसतात, त्यांतली बरीच अशी माणसाने खणलेली आहेत.

बाबांचा पुढचा प्रश्न त्यांच्या खात्याला शोभेल असा होता. "मग वाफ होऊन जातं त्याचं काय?"

त्या प्रश्नावर इथे मोठा कायदा उभा आहे. तो मला पटतो, आणि जिथे पटत नाही तिथे तो पुरेसा कडक नाही म्हणून पटत नाही.

आधी हिशेब. रॉकीच्या पूर्व पायथ्याशी उघड्या पाण्यावरून वर्षाला साधारण साडेतीन फूट पाणी उडून जातं. त्यातून, पूर्वी त्या जागेवरचं गवत आणि झाडं जे पाणी पीत होती ते वजा करतात. उरलेली निव्वळ तूट अडीच फूट धरली, तर ४० एकरांचं एक तळं वर्षाला १०० एकर-फूट, म्हणजे शंभर एकरांवर फूटभर उभं राहील इतकं, पाणी गिळतं. लिटरमध्ये सांगायचं तर बारा कोटींहून जास्त. ते ना कुणाच्या शेताला मिळालं, ना नळाला. तूट वर्षभर सारखीही नसते. इथल्या खाणींच्या हिशेबात वर्षाच्या बाष्पीभवनातला १५ टक्के वाटा एकट्या जुलैचा धरतात, आणि जानेवारीचा जेमतेम ३ टक्के. म्हणजे शेतकऱ्याला पाणी सगळ्यात जास्त हवं असतं, नेमका तेव्हाच खड्डाही सगळ्यात जास्त पितो.

आता ते पाणी कुणाचं, हा प्रश्न. कोलोरॅडोत पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. ज्याने आधी नदीतून पाणी काढून कामाला लावलं, त्याचा हक्क आधी. कोलोरॅडो राज्याच्या १८७६ च्या घटनेत ही गोष्ट आहे आणि १८८२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती ठासून सांगितली. तो खटला याच सेंट व्हरेनच्या पाण्यावरून झाला होता. लेफ्ट हँड नावाच्या कालव्याने सेंट व्हरेनचं पाणी उचलून शेजारच्या ओढ्यात नेलं. सेंट व्हरेनच्या काठावरच्या शेतकऱ्यांचं म्हणणं होतं, नदी आमच्या दारातून वाहते, पाणी आमचं. न्यायालय म्हणालं, दार कुणाच्या काठावर आहे ते महत्त्वाचं नाही, आधी कोण आलं ते सांगा. दुष्काळात जुन्या हक्कवाल्याचं पाणी कमी पडलं की तो नदीवर 'कॉल' लावतो. मग वॉटर कमिशनर, म्हणजे आपल्या पाटकऱ्याचा इथला भाऊबंद, वरच्या बाजूच्या नव्या हक्कवाल्यांची दारं क्रमाने बंद करत जातो.

या व्यवस्थेत खड्ड्याने वाफ करून टाकलेलं पाणी म्हणजे रांग मोडून घेतलेलं पाणी ठरतं. १८६० च्या दशकातला हक्क असलेला खालचा शेतकरी वाट पाहतोय आणि काल खणलेला खड्डा आधी पितोय. पण इथपर्यंत पोचायला कायद्याला शंभर वर्षं लागली. भूजल आणि नदी यांचा हिशेब एकत्र मांडायचा, हे १९६९ च्या कायद्याने ठरवलं. तरी खाणवाल्यांचा युक्तिवाद टिकून होता: आम्ही पाणी घेतच नाही. आम्हाला खडी हवी आहे, पाणी ही तर आमची अडचण आहे. १९८८ साली 'झिगन सँड अँड ग्रॅव्हल विरुद्ध कॅश ला पूडर वॉटर यूजर्स असोसिएशन' या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. कायद्यात विहिरीची व्याख्या अशी होती की, भूजल मिळवण्याच्या उद्देशाने केलेली, किंवा तसा परिणाम घडवणारी कुठलीही रचना म्हणजे विहीर. 'किंवा तसा परिणाम' या शब्दांनी काम केलं. उद्देश खडीचा असला तरी खड्डा ही विहीरच ठरली, आणि विहीर म्हटलं की परवाना आला, नदीची भरपाई आली. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, विधिमंडळाने यावर वेगळा कायदा केला. खाणवाल्याने उघड्या पाण्यावरून जितकं उडतं तितकं पाणी, योग्य जागी आणि योग्य वेळी, नदीला परत द्यायचं. धुतलेल्या ओल्या खडीबरोबर ट्रकमधून जाणारं पाणीसुद्धा त्याच्या नावावर पडतं. ते वजनाच्या ४ टक्के धरतात. धूळ बसवायला मारलेलं पाणी वेगळं.

याला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. पहिला आक्षेप नेहमीचा, की वाफ झालेलं पाणी पावसाने परत येतंच. येतं ना. पण ते कॅन्ससमध्ये पडेल की आयोवात, हे ढग ठरवतात. साउथ प्लॅटच्या खालच्या टोकाला बसलेल्या शेतकऱ्याला त्याच्या मक्याला ऑगस्टात पाणी हवं आहे, आणि त्याच्याही पुढे नेब्रास्का राज्य आहे. त्या राज्याशी झालेल्या १९२३ च्या करारानुसार १ एप्रिल ते १५ ऑक्टोबर या काळात सीमेवर १२० क्युसेक पाणी जावं लागतं, नाहीतर कोलोरॅडोला आपल्या नव्या हक्कांची दारं बंद करावी लागतात. दक्षिणेच्या आर्कान्सा नदीवर विहिरींनी असंच न दिसणारं पाणी खाल्लं होतं. कॅन्सस राज्य थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, जिंकलं, आणि कोलोरॅडोला तीन कोटी डॉलरांहून जास्त रक्कम भरावी लागली. पावसाने परत येतं, हे त्या सुनावणीत सांगून चाललं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. त्या जागी पूर्वी कॉटनवुडची झाडं होती, विलोची झुडपं होती, तीही पाणी पीतच होती, मग सगळा आळ तळ्यावर का? कायदा हे मानतो. वर सांगितलेली वजाबाकी त्यासाठीच आहे. मात्र कोलोरॅडोच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये, आर्कान्साच्या काठावरची पाणी पिणारी झाडं तोडून त्यांचं 'वाचलेलं' पाणी आपल्या नावावर मागणाऱ्या जमीनमालकाला साफ नकार दिला होता. तेव्हा 'झाडं तोडा आणि पाणी मिळवा' हे चालत नाही, आणि खाणीला मात्र तोडलेल्या झाडांची वजावट मिळते, यात विसंगती दिसते. मला ती तितकीशी टोचत नाही. खाणवाल्याला नवं पाणी कुणी देत नाही, त्याने केलेलं नुकसान तेवढं मोजतात. तरीही वजावटीचा आकडा ठरवताना गवत किती खोल मुळांचं होतं, पाणी तेव्हा किती खोलीवर होतं, यावर दोन्ही बाजूंचे अभियंते जितका वेळ भांडतात तितक्या वेळात एखादं तळं आटून जाईल.

आणि तिसरा, पैशांचा. खडी महागेल. खडी हा वजनाने भारी आणि किमतीने हलका माल. तिची किंमत ट्रकच्या मैलांवर चढते, म्हणून खाण शहराजवळ असणं सगळ्यांच्याच सोयीचं. मान्य. पण पाण्याचा खर्च खडीत धरला नाही तर तो नाहीसा होत नाही, खालच्या शेतकऱ्याच्या पिकात जाऊन बसतो. डेन्व्हरच्या फूटपाथचा एक हिस्सा फोर्ट मॉर्गनच्या शेतकऱ्याने का भरायचा?

इथपर्यंत मी कायद्याच्या बाजूचा. माझी तक्रार पुढे सुरू होते.

भरपाईचं पाणी येतं कुठून? सगळ्यात सोपी वाट म्हणजे भाड्याने. शहरांकडे पर्वताच्या पलीकडून, कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातून बोगद्यांनी आणलेलं काही पाणी असतं. वापरून, शुद्ध करून नदीत सोडलं तरी त्यातल्या बऱ्याच पाण्यावर शहराचा हक्क संपत नाही. ते खाणवाला वर्षाच्या कराराने घेतो. मग राज्याच्या अभियंता कार्यालयाकडून तात्पुरत्या योजनेला मंजुरी घेतो आणि मुदत संपली की पुन्हा अर्ज करतो. कागदावर नदीचं खातं दर महिन्याला जुळतं. हे सगळं खाण चालू असेपर्यंत ठीक. पण खाण दहा-वीस वर्षांत संपते आणि तळं राहतं. त्याचं बाष्पीभवन मालकाच्या ताळेबंदाबरोबर संपत नाही. शिवाय भूजलाची गती मंद असते. नदीपासून दूर असलेल्या खड्ड्याने आज खाल्लेलं पाणी नदीला काही महिन्यांनी कमी पडतं. पंप बंद केल्यावर खड्डा पहिल्यांदा भरतो, ती भरतीही नदीच्या पोटातूनच होते.

भाड्याच्या पाण्याचा भरवसा किती, हे या खोऱ्याने २००६ मध्ये पाहिलं आहे. २००२ च्या भीषण दुष्काळानंतर भरपाईचं पाणी दुर्मिळ झालं, आणि २००६ च्या मे महिन्यात, पेरण्या होऊन गेल्यावर, साउथ प्लॅटच्या खोऱ्यातल्या चारशेहून अधिक सिंचन विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. भरपाई नाही, तर उपसा नाही. कठोर होतं, काही कुटुंबं त्यातून उठलीच नाहीत. पण विहिरीच्या बाबतीत निदान असा हुकूम देता येतो. विहिरीची मोटर बंद करता येते, खड्ड्यावरचं ऊन बंद करता येत नाही. खड्ड्याच्या मालकाकडचं भाड्याचं पाणी संपलं, किंवा मालकच संपला, तर शासन कुणाला काय बंद करायला सांगणार?

म्हणून कायमच्या खड्ड्याला तात्पुरतं पाणी, ही जोडी मुळातच चुकीची आहे असं मी म्हणतो. २०१० साली इथल्या खाण-पुनर्वसन विभागाने हे ओळखून खाणवाल्यांना कळवलं की, खड्डा भरून काढा, त्याला अस्तर करा, कायमचं पाणी नावावर करून द्या, नाहीतर तितक्या खर्चाची अनामत ठेवा. पाऊल योग्य होतं. पण अनामत ठेवून काम पुढे ढकलता येतं, आणि अनामतीचा आकडा आजच्या भावाने ठरतो. इथे पाण्याचे भाव वीस वर्षांत कुठे जातात हे घर घेणाऱ्या कुणालाही विचारा. भूजलाच्या थराला पहिला फावडा लागण्याआधी कायमची सोय कागदावर नव्हे, हातात असली पाहिजे. ज्याला ती परवडत नाही, त्याने पाण्याच्या वरची खडी काढून थांबावं.

कायमची सोय म्हणून कुठली वाट धरावी, यावर मात्र माझं मत इथल्या रूढ मताच्या थोडं विरुद्ध आहे. एक रूढ वाट म्हणजे कालव्याचे शेअर, म्हणजे त्याच्या पाण्यातले वाटे, विकत घेऊन, पाणी-न्यायालयातून त्यांचा वापर बदलून घेणं. कागदावर चोख. पण त्या शेअरचं पाणी ज्या शेताला मिळत होतं ते कायमचं कोरडं ठेवण्याची अट त्यात असते. म्हणजे एका तळ्याची वाफ भागवण्यासाठी एक मक्याचं शेत जातं. नदीचं खातं जुळतं, गावाचं जुळत नाही. शेतं गेली की बियाण्याचं दुकान जातं, मग शाळेतली मुलं कमी होतात. याची नोंद कुठल्याच एकर-फुटात होत नाही.

दुसरी वाट अस्तराची. खड्ड्याभोवती खालच्या खडकापर्यंत अरुंद चर खणून त्यात बेंटोनाइट मातीची भिंत घालतात. मग आतलं पाणी बाहेरच्या भूजलापासून तुटतं. भिंत खरंच धरते का, हे महिनोन् महिने पाणी मोजून सिद्ध करावं लागतं, त्यानंतरच बाष्पीभवनाची जबाबदारी उतरते. गंमत अशी, की असा खड्डा एकदम मौल्यवान होतो. शहराजवळ, नदीकाठी, धरण न बांधता तयार जलाशय. डेन्व्हर, ऑरोरा, थॉर्न्टन या शहरांनी असे जलाशय करून घेतले आहेत. ज्या खड्ड्याचं ओझं वाटत होतं तो खाणवाला आता विकतो. या भिंतींचा त्रासही आहे. भूजलाची वाट अडली की वरच्या बाजूला पाणी फुगतं, लोकांच्या तळघरात ओल येते, आणि खालच्या बाजूच्या उथळ विहिरी उतरतात. ओळीने पाच-सहा खड्ड्यांना भिंती घातल्या, तर नदीकाठची जमीन जमिनीखालून बंदिस्त होते. तरी उघडा खड्डा आणि भाड्याचं पाणी यापेक्षा मी भिंत पत्करेन. ती निदान जागेवर राहते.

पण सगळ्यात स्वस्त भरपाई म्हणजे पाण्याचं उघडं अंगच कमी करणं. खाणीतला निरुपयोगी मातीचा थर आणि धुण्यातून निघालेला गाळ परत खड्ड्यात टाकून काठ आत आणता येतो, अर्धं तळं पाण्याच्या पातळीच्या वर उचलता येतं. ४० एकरांऐवजी १५ एकर पाणी ठेवलं तर पक्ष्यांची काही तक्रार नसते. तक्रार जमीन विकणाऱ्याची असते, कारण 'तळ्याकाठची घरं' हे शब्द जाहिरातीत चांगले दिसतात. माझ्या ओळखीच्या एका वसाहतीच्या सभेत मी हे बोललो होतो. तिथल्या तळ्याला भरपाईची कायमची सोय नव्हती आणि दरवर्षी भाड्याच्या पाण्यासाठी वर्गणी काढावी लागत होती. अर्धं तळं भरून टाकू म्हटल्यावर लोकांनी असं पाहिलं, जणू मी कुणाच्या अंगणातली तुळस उपटायला निघालो होतो.

३१ डिसेंबर १९८० पर्यंत ज्या खड्ड्यांत भूजल उघडं पडलं होतं, त्यांना १९८९ च्या कायद्याने भरपाईतून सोडलं. जुन्यांना माफी, नव्यांना शिक्षा. राजकीय तडजोडी अशाच होतात, आणि ती नसती तर कदाचित कायदाच झाला नसता. ती आज उकरून काढा असं मी म्हणणार नाही. पण तसं जुनं तळं विकलं जातं, त्याभोवती घरं येतात, नवा पैसा येतो, तेव्हा माफीही जमिनीबरोबर नव्या मालकाला मिळावी, हे मला पटत नाही. माफी खणणाऱ्याला होती, उन्हाला नव्हती.

बाबांना यातलं १८८२ हे वर्ष फार आवडलं. त्याच वर्षी आपल्याकडे इंग्रजांनी भारतीय सुविधाधिकार अधिनियम केला, आणि जमिनीखालून ठरावीक प्रवाहाने न वाहणारं पाणी गोळा करून वापरण्याचा हक्क त्या जमिनीच्या मालकाला दिला. एकाच वर्षी दोन देशांत दोन उलट वाटा. इथे पाणी जमिनीपासून सुटलं, आपल्याकडे ते सातबाऱ्याला बांधलं गेलं. पुढे आपण भूजलाचा कायदा केला, पण विहिरीच्या मालकाच्या मनात अजून १८८२ चालू आहे.

आपल्या काळ्या पाषाणात या गोट्यांच्या थरासारखं पाणी मोकळं चालत नाही, त्यामुळे इथला नियम तिकडे जसाच्या तसा नेऊन उपयोग नाही. पण भूजल उघडं पाडून उन्हात ठेवण्याची गोष्ट आपल्याकडेही जोरात आहे, आणि तीही अनुदानाने. शेततळं मुळात पावसाचं वाहून जाणारं पाणी धरण्यासाठी. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' आलं तेव्हाही उद्देश तोच लिहिला होता. प्रत्यक्षात नगर-नाशिक-जालना पट्ट्यातली कितीतरी शेततळी प्लास्टिकचा कागद अंथरून बोअरच्या पाण्याने भरली जातात. ज्याची मोटर आधी चालते तो शेजाऱ्याच्या विहिरीखालचं पाणी वर आणून साठवतो. म्हणजे इथल्यासारखीच शर्यत, फक्त रांगेचा नियम नाही. आणि वर आणलेल्या पाण्यातला मोठा वाटा एप्रिल-मेच्या उन्हात उडतो. तिथे पाणी उडण्याचा वेग कोलोरॅडोपेक्षा पुष्कळ जास्त.

इथून परत गेल्यावर बाबांनी गावी माझ्या चुलतभावाच्या शेततळ्यात एक बांबू रोवला आणि पाण्याच्या रेषेवर खडूने खूण केली. तळ्याला कागद आहे, म्हणजे झिरपण्याचा प्रश्न नाही. डाळिंबाला पाणी देणं त्या दहा दिवसांत बंद होतं. एप्रिलचा पहिला आठवडा. अकराव्या दिवशी त्यांनी फोन केला आणि सांगितलं, चार बोटं उतरलंय. मी म्हटलं, दादाला सांगा ना, वर शेडनेट टाक. ते म्हणाले, सांगितलं. तो म्हणाला, नेटचा खर्च कोण देणार, काका? बोअरला अजून पाणी आहे.

फोनवर मागे मोटर चालू झाल्याचा आवाज येत होता.